केळापूरच्या कॅनमधला एक घोट

सव्वीस जानेवारी एकसष्टच्या पहाटे साडेपाच वाजता पांढरकवड्याच्या नीरा केंद्रात भीमराज मुनेश्वरने शिंदीचा एक घोट गिळला. चार वर्षांतला पहिला. केंद्रात त्या वेळी तो आणि केळापूरची झाडं उतरवणारा उकंडा आत्राम असे दोघेच होते. फळीवर तीन कॅन ओळीने ठेवलेले होते, कंदील जळत होता आणि दाराच्या फटीतून थंडी आत येत होती. घोट चुकून गेला नव्हता. भीमराजने तो जाणूनबुजून घेतला, आणि घेताना त्याला पक्कं ठाऊक होतं की याची किंमत त्याची बायको ठरवणार आहे.

शिंदीच्या झाडाला खाप मारून खाली मडकं बांधलं की रात्रभर त्यात रस ठिबकतो. उजाडण्याआधी उतरवला तर तो गोड असतो. त्याला नीरा म्हणतात. ऊन लागलं की तोच रस आंबतो, फेसाळतो आणि चढू लागतो. मग त्याला झाडाचंच नाव, शिंदी. दारूबंदीनंतर शिंदी विकणं गुन्हा झाला. झाडं उतरवून पोट भरणाऱ्यांची एक सहकारी संस्था झाली आणि तिने बसस्टँडजवळ पत्र्याच्या खोलीत नीरा केंद्र उघडलं. मडक्याला आतून चुना लावायचा, म्हणजे रस लवकर आंबत नाही. चुना राजूरच्या भट्ट्यांवरून यायचा. तरीही गुन्हा आणि धंदा यांच्यात अंतर दोन-तीन तासांचंच. त्या अंतरावर कुणीतरी जीभ घेऊन उभं राहणं भाग होतं. संस्थेच्या कागदावर त्या माणसाला परीक्षक म्हणत. गावात त्याला चाख्या म्हणत.

भीमराजला हे काम मिळालं ते त्याच्या जुन्या कीर्तीमुळे, आणि ती कीर्ती काही अभिमानाने सांगण्यासारखी नव्हती. तो जिनिंगच्या कापसाचा गाडीवान. आर्णीपासून राजूरपर्यंत त्याची बैलगाडी फिरलेली, आणि जिथे बैल सोडले तिथे त्याने शिंदी प्यालेली. डोळ्याला फडकं बांधून पेला हातात दिला तरी तो सांगायचा: ही आर्णीची, पातळ आहे अन् लवकर डोक्यात जाते; ही राजूरकडची, जिभेले खरखरते; ही केळापूरची, जाड, गोड, अन् मागून ओल्या भुईमुगाचा वास. लोक पैजा लावायचे. पैज जिंकली की बक्षीस म्हणून आणखी एक पेला.

हे ओळखणारं आणखी एक माणूस होतं. ती त्याची बायको जया. तिने आयुष्यात थेंब घेतला नव्हता. पण नवरा रात्री दारात उभा राहून काही बोलायच्या आत ती म्हणायची, "आज आर्णीच्या वाटेनं आले जनू." एकदाही चुकली नाही. पंचावन्न साली तिने नलूला, म्हणजे तेव्हा चालायला लागलेल्या मुलीला, कडेवर घेतलं आणि आर्णीला माहेरी निघून गेली.

छप्पन साली भीमराज गावातल्या चाळीस जणांबरोबर नागपूरला गेला, दीक्षा घेतली, आणि लाखो लोकांत उभा राहून दारू न पिण्याची प्रतिज्ञा मोठ्याने म्हटली. परत येताना तो घरी गेला नाही. सरळ आर्णीला गेला. जया वडिलांच्या अंगणात डाळ पाखडत होती.

"प्रतिज्ञा तुमी लाख मानसाइसमोर केली," ती म्हणाली. "माह्यासमोर रोज करा लागन."

"म्हंजे?"

"रोज संध्याकाळी माह्या तोंडासमोर 'हा' करा लागन. एक घोट गेला असं मले समजलं, तं मी इथं. मंग भंते आले समजवाले तरी नाई."

भीमराजने मान्य केलं. तेव्हापासून त्यांच्या घरात दिवा लावला की भीमराज जयासमोर उभा राहायचा आणि तोंड उघडून हा करायचा, ती हुंगायची. शेजारणी हसायच्या. नलूला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. जयाने आर्णीहून आणलेली कापडी पिशवी मात्र खुंटीवरून कधी काढली नाही. तिच्यात एक लुगडं आणि नलूचा झगा घडी घालून ठेवलेला असायचा. नलू वाढली तसा झगा बदलला, पिशवी तीच.

साठच्या दिवाळीनंतर संस्थेने भीमराजला यवतमाळला शिकायला पाठवलं. शिकवायला नागपूरहून घनश्यामराव नावाचे गृहस्थ आले होते: बारीक अंगाचे, गळ्यात मफलर, बोलणं हळू. त्यांनी बर्फाच्या पेटीतून जिल्ह्यातल्या निरनिराळ्या ठिकाणच्या बाटल्या काढल्या आणि दहा-बारा माणसांना गोल बसवलं.

"सकाळी तंबाखू नाही, विडी नाही, मिरचीचा ठेचा नाही. रस तोंडात घ्या, फिरवा, थुंका. मग कोमट पाणी, मग चार मुरमुरे, मग पुढची बाटली."

"तंबाखूबी नाई?" भीमराजने विचारलं. "शिंदी बायकोनं सोडवली, तंबाखू सरकार सोडवून राह्यलं. माही म्हनाले जीभच राह्यली नाई आता."

पहिल्या बाटलीला तो म्हणाला, "आर्णीची." दुसरीला, "वणीकडली." घनश्यामरावांनी बाटलीवरची चिठ्ठी पाहिली आणि मान हलवली. गोलात कौतुकाची कुजबुज झाली.

"कुठली आहे ते बरोबर सांगितलंत," घनश्यामराव म्हणाले. "आता कशी आहे ते सांगा."

भीमराजने बाटलीकडे पाहिलं. कशी आहे, हे त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. त्याच्या जुन्या हिशेबात दोनच रकाने होते, लवकर चढते आणि उशिरा चढते. त्यातून हा रस तर गोड होता. उजाडण्यापूर्वीची शिंदी त्याने जन्मात चाखली नव्हती; त्या वेळी तो नेहमी आदल्या रात्रीचीच झोपून काढत असायचा.

ते शिकायला त्याला वेळ लागला. गोडी टोकावर येते का मागे, आली तर टिकते का पळते. धुराचा वास आहे का. म्हणजे मडकं नीट धुऊन वाळवलं नाही. जीभ कोरडी पडते का. म्हणजे चुना जास्त. कडांना चुणचुणतं का. म्हणजे आंबायला लागलं. हळूहळू त्याला आर्णीच्या रसातला नारळपाण्यासारखा हलकेपणा कळू लागला, केळापूरच्या रसातला भुईमूग नशेशिवायही सापडला, आणि एका सकाळी पाटणबोरीकडच्या ताडाचा रस थुंकताना त्याला वाईट वाटलं, इतका तो चांगला होता.

शेवटच्या दिवशी घनश्यामरावांनी एक बाटली वेगळी काढली. "हा आंबलेला आहे. ओळखायचा तर तोंडात घ्यावा लागेल."

"मी नाई घेत," भीमराज म्हणाला.

"थुंकायचाच आहे."

"तोंडात घेतला तं घेतला. प्रतिज्ञा हाय माही."

दिग्रसकडून आलेला पूनमसिंग हसला. "अरे, याचं तं नवरदेवावानी झालं. सारं वऱ्हाड जेवून राह्यलं, अन् याचाच उपास!"

घनश्यामराव हसले नाहीत. त्यांनी बाटली भीमराजच्या नाकाशी धरली. भीमराजने हुंगून सांगितलं, आंबलेला आहे, कालचा आहे. ते बरोबर होतं. मग त्यांनी दुसरी बाटली धरली. भीमराजला काहीच वास आला नाही. आंबट लागलं की लाल होणारा निळा कागद बुडवला, निळाच राहिला.

"हाही आंबलेलाच आहे," घनश्यामराव म्हणाले. "फक्त यात वरून चुना घातलाय. चुन्याने आंबटपणा मरतो, म्हणून कागद फसतो. गार असला की नाकही फसतं. चढणारं जे आहे ते आत तसंच राहतं. हा एकाच ठिकाणी कळतो, गळ्याखाली. घोट गिळला की छातीत ऊब लागते." त्यांनी बाटलीला बूच लावलं. "एवढं एक तुमचं शिकायचं राहिलं, भीमराज. लक्षात असू द्या."

भीमराजच्या ते लक्षात राहिलं. नोव्हेंबरमध्ये केंद्र सुरू झालं, आणि पहाटे पहाटे तीन कॅन यायला लागले: एक केळापूरचा, एक खुनी नदीच्या काठचा, एक पाटणबोरीच्या रस्त्याचा. भीमराज चाखायचा, थुंकायचा, मुरमुरे खायचा आणि मान हलवायचा. संध्याकाळी दिवा लागला की हा करायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. जानेवारीत एकदाच गडबड झाली. नदीकाठच्या कॅनबद्दल त्याला शंका आली, त्याने तो परत पाठवला आणि मागाहून कळलं, रस चांगला होता, मडकंच नवं होतं. परत पाठवलेल्या कॅनवाल्याची झाडं चौकशी होईपर्यंत बंद ठेवायची, असा नियम होता. त्या माणसाची झाडं आठवडाभर फुकट बंद राहिली. संस्थेचे चिटणीस रामराव केंद्रात येऊन म्हणाले, "हे पाय भीमराज, तुह्या शंकेवर मानसाच्या पोटावर पाय येते. शंका नको सांगू. हाय तं हाय म्हन, नाई तं नाई म्हन."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेच्या मुलांना संस्थेतर्फे एकेक पेला नीरा द्यायची ठरली होती. नलू पहिलीत होती. दोन दिवस तिने घरात तेवढाच एक विषय चालवला होता.

त्या पहाटे उकंडाने केळापूरचा कॅन फळीवर ठेवला आणि शेजारी उभा राहिला. एरवी तो कॅन ठेवून बाहेर शेकोटीपाशी जायचा. भीमराजने निळा कागद बुडवला. निळा राहिला. घोट तोंडात घेतला. गोड, जाड, मागे भुईमूग. पण जीभ जराशी कोरडी पडली, आणि शेवटी जी गोडी रेंगाळते ती रेंगाळली नाही. त्याने थुंकलं, चूळ भरली, मुरमुरे खाल्ले. पुन्हा घोट घेतला. तेच.

"उकंडाभाऊ, चुना?"

"जरा जास्त पडला असन. थंडीत हात अकडते."

"रोज तं पडत नाई."

"तुहीच जीभ अकडली असन," उकंडा म्हणाला, पण कंदिलाकडे पाहत म्हणाला.

भीमराजने कॅनवर नाक नेलं. गारठ्यात रसाला वासच नव्हता. पूर्वेला अजून काळोख होता. आणखी घटकाभराने रामराव येणार, कॅन गाडीवर चढणार आणि शाळेच्या मैदानात जाणार. परत पाठवावा तर उकंडाची झाडं बंद, आणि गेल्या खेपेसारखी शंका खोटी निघाली तर उकंडाच्या घरची चूल त्याने विझवली असं होणार. जाऊ द्यावा तर दोनशे लेकरं. खात्री करायची एकच जागा होती, आणि ती यवतमाळला शिकायची राहून गेली होती.

त्याने पेला भरला. उकंडाच्या ध्यानात आलं. "अरे, थुंकून टाकशीन ना?"

भीमराजने गिळलं.

आधी गोडी खाली गेली. मग काहीच नाही. मग गळ्याच्या खालून एक ऊब उठली आणि छातीभर पसरली, जुना गाडीसोबती मागून येऊन खांद्यावर हात ठेवतो तशी. भीमराज फळीला धरून उभा राहिला. तो उबेची वाट पाहत नव्हता; ती तर आलीच होती. तो तिच्या पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या गोष्टीची वाट पाहत होता. पेल्याकडे हात आपोआप जायचा, तो जातो का, याची. जुन्या दिवसांत पहिला घोट कधी एकटा आलेला त्याला आठवत नव्हतं.

हात गेला नाही. त्याला पाणी हवं होतं, आणि चार मुरमुरे. त्याने चूळ भरली, मुरमुरे खाल्ले, आणि पुन्हा वाट पाहिली. आत कुणीच हाक मारली नाही. एवढंच होय, असं त्याला वाटलं. चार वर्षं तो ज्या दाराला पाठ लावून उभा होता, त्यामागे कुणी नव्हतं. तो होता तिथेच खाली बसला.

"काय झालं?" उकंडा घाबरला. "चढली का?"

"एका घोटानं चढाले मी का कोवया पोरगा हाय?" भीमराज म्हणाला, आणि त्याला हसू आलं. "आंबला हाय, उकंडाभाऊ. कॅन बाहीर."

उकंडाने मग सांगितलं. त्याच्या घरात बापापासूनचं एक मडकं होतं. हंगामातल्या पहिल्या झाडाला तेच बांधायचं, आणि ते कधी धुवायचं नाही, हा त्याच्या घरचा रिवाज. शिंदी विकायचे तेव्हा ते बरंच होतं; जुन्या मडक्यात रस लवकर आंबायचा. नीरेचं आल्यावर संस्थेने सगळी मडकी नवी दिली. उकंडाने बापाचं मडकं दोन महिने घरात ठेवलं. पण पौषात त्याच्या झाडांचा रस आटत चालला, तसं बायको म्हणू लागली, मडकं नाई बांधलं म्हनून झाड रुसलं. आदल्या संध्याकाळी त्याने ते बांधलं. पहाटे उतरवलं तर फेस. टाकवेना, म्हणून त्याने तो कॅनमध्ये ओतला आणि वरून मूठभर चुना घातला.

"चुन्यानं आंबत नाई, असं तुमीच तं सांगतलं," तो म्हणाला.

"आधी लावला तं आंबत नाई. आंबल्यावर टाकून काय होते?"

"मले वाटलं, सुधरते." उकंडाने कॅनचं झाकण लावलं. "तुह्या बायकोले काय सांगशीन?"

"तेच पाहून राह्यलो."

रामराव आले, त्यांनी ऐकून घेतलं, उकंडाला चार शब्द सुनावले आणि पुरावा म्हणून केळापूरच्या कॅनमधली एक बाटली बूच लावून कपाटात ठेवली. उरलेला रस नाल्यात गेला. शाळेच्या मैदानात उरलेल्या दोन कॅनमधून मुलांना अर्धा अर्धा पेला मिळाला. नलू रांगेतून बाहेर येऊन बापापाशी आली आणि डोळे वटारून म्हणाली, "बाबा, अर्धाच? तुमी चाखता चाखता पिऊन टाकली ना?"

भीमराजला चुकवायचं असतं तर सोपं होतं. एका घोटाचा वास दिवेलागणीपर्यंत टिकत नाही, आणि हे जयाइतकंच त्यालाही ठाऊक होतं. तो मैदानातून सरळ घरी गेला. जया चुलीपाशी भाकरी थापत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आज सकायीच?" ती म्हणाली.

"हा," भीमराजने केलं.

जयाचे हात थांबले. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि मग पुन्हा त्याच्याकडे वाकली.

"केळापूरची," ती म्हणाली.

"होय."

"नीरा नाई."

"नाई."

"अन् हे काय हाय, चुना का?"

"होय."

भाकरी फुगली, करपली. कुणी उलटली नाही. भीमराजने सगळं सांगितलं, कॅनपासून नलूच्या अर्ध्या पेल्यापर्यंत. जयाने करपलेली भाकरी तव्यावरून काढली. शेवटी म्हणाली, "थुंकता येत नवती?"

"थुंकली तं समजत नाई. गिळल्यावरच समजते."

"दुसऱ्या घोटाचं मन झालं?"

"नाई."

"खरं सांगा."

"खोटं सांगाचं असतं तं संध्याकाळी आलो असतो वं."

जया उठली, हात धुतले आणि खुंटीवरची पिशवी काढली. भीमराज तसाच बसून राहिला. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि दारात जाऊन बसली. दुपारभर ती तिथेच होती. भीमराज गोठ्यात गेला, बैलांना पाणी दाखवलं, परत आला. ती त्याला बघत होती. तो बाजेवर पडला. ती बघत होती. जुन्या दिवसांत एक घोट पोटात असला की हा माणूस दुपार घरात काढू शकत नसे. काहीतरी निमित्त निघे, दोरखंड आणायचं, कुणाला भेटायचं. त्या दिवशी काही निघालं नाही. उन्हं कलली तेव्हा भीमराज बाजेवर तोंड उघडं टाकून घोरत होता. नलू खेळून आली आणि म्हणाली, "आई, पिशवी काहून घेतली? आपन आर्णीले चाललो?"

"नाई," जया म्हणाली. "तुहा झगा लहान झाला का ते पाहून राह्यली."

तिने पिशवी पुन्हा खुंटीला लावली. दिवा लावला. आणि चार वर्षांत प्रथमच तिने भीमराजला हा करायला उठवलं नाही, झोपू दिलं.

रात्री जेवताना ती एकदम म्हणाली, "तुमी थंडी हुंगता म्हनून समजत नाई."

"आँ?"

"कॅनमधली शिंदी थंडी. तुमच्या तोंडातली गरम. म्या सारी उमर गरम हुंगली. मले एका घोटात समजलं ना? मंग थोडी वाटीत घ्या, शेगडीवर धरा अन् हुंगा. गिळाचं कायले?"

भीमराजचा घास हातातच राहिला. मग तो हसायला लागला. इतका हसला की नलूही काही न समजता हसू लागली. "माह्या बुडाखाली बैल अन् मी गावभर शोधून राह्यलो," तो म्हणाला.

दुसऱ्या पहाटे जया त्याच्याबरोबर केंद्रात आली. रामरावांनी कपाटातून बाटली काढली. जयाने पितळेच्या वाटीत थोडा रस ओतून शेगडीवर धरला, हात पोळला तशी पदराने धरली, आणि वाफ येऊ लागली तेव्हा वाटी आधी रामरावांच्या नाकाशी नेली. त्यांनी मान मागे घेतली. मग भीमराजच्या.

"आली का ओळख?" ती म्हणाली.

"आली," भीमराज म्हणाला, आणि वाटी स्वतःच्या हाताने मोरीत रिकामी केली.

त्या दिवसापासून केंद्रात फळीखाली एक शेगडी आणि फळीवर पितळेची वाटी असते. प्रत्येक कॅनमधला थोडा रस आधी वाटीत तापतो. उकंडाची झाडं चौकशीसाठी बंद झाली, पण चूक त्याने स्वतः कबूल केल्यामुळे ती लवकर उघडली. बापाचं मडकं त्याने घरात ठेवलं नाही. ते पहिल्या झाडालाच बांधलेलं आहे, मात्र खापेच्या उलट्या बाजूला, जिथे थेंब पडत नाही. झाड रुसलं का, असं कुणी विचारलं की तो म्हणतो, "तिकडून तोंड फिरवून बसलं हाय, पन रस देते."

उरला प्रतिज्ञेचा प्रश्न. तो भीमराजने कुणाला काढू दिला नाही, स्वतःच काढला. पुढच्या रविवारी बुद्धवंदनेला सगळे जमले. वंदना दर रविवारी भीमराजच सांगायचा, त्याचा आवाज खडा होता. त्या दिवशी तो पुढे गेला नाही. रांगेतूनच उठून त्याने जे घडलं ते सांगितलं.

मागून एक म्हातारा म्हणाला, "घोट तो घोट. कायले घेतला त्याचं काय?"

"तुमच्या नातवाच्या पोटात गेला असता तं?" प्रभावती नावाची बाई म्हणाली. तिची दोन मुलं शाळेत होती. "मंग कोनाची प्रतिज्ञा मोडली असती?"

"कॅन फेकून द्याचा होता."

"अन् उकंडाचं पोट?"

बोलणं वाढलं. शेवटी सगळ्यांनी धर्मपाल गुरुजींकडे पाहिलं. ते प्राथमिक शाळेत शिक्षक. गावात दीक्षेनंतर नाव बदलणारे पहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तो खोटं बोलला नाही, एवढं मी सांगू शकतो," ते म्हणाले. "शील मोडलं का, हे मी सांगणार नाही. मला तेवढं ठाऊक नाही. वैशाखी पौर्णिमेला नागपूरहून भंते येणार आहेत. त्यांना विचारू. तोवर वंदना दुसऱ्या कुणी सांगावी."

भीमराजने मान डोलावली आणि रांगेत खाली बसला. त्याच्या शेजारच्याला वाटलं होतं, तो दुखावला असेल. पण वंदना सुरू झाली तेव्हा सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता, आणि बायकांच्या बाजूला बसलेली जया मान खाली घालून हसत होती.

नीरेचा हंगाम मार्चअखेर संपला. तोवर भीमराजला पुन्हा घोट गिळावा लागला नाही. वैशाखी पौर्णिमेला भंते आले नाहीत. प्रकृती बरी नाही, पावसाळ्यानंतर येऊ, असा निरोप आला. पिशवी खुंटीवर आहे. जया संध्याकाळी कधी हा करायला सांगते, कधी विसरते. दिवाळीनंतर झाडं पुन्हा उतरवायला लागली, पहिल्या दिवशी तीन कॅन आले, वाटी तापली, तिन्ही गोड निघाले. भंते कधी येणार, ते मात्र अजून कळलेलं नाही.